बोअर कितीचा?

हरणाच्या शिकारीसाठी स्वस्तातली कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न विस्कॉन्सिनमध्ये मोठ्याने विचारू नये. पेट्रोल पंपाच्या दुकानात तर अजिबातच नाही. मी विचारला. माझ्या पुढचा माणूस "थ्री-ओ-एट" म्हणाला, मागचा "थर्टी-ऑट-सिक्स" म्हणाला, आणि गल्ल्यावरच्या मुलीने माझे सुटे पैसे मुठीत तसेच धरून दोघांनाही वेड्यात काढलं. तिचं मत टू-सेव्हंटीच्या बाजूने होतं, कारण तिच्या आजोबांची टू-सेव्हंटी होती. मी खरं तर दूध आणायला गेलो होतो. घरी पोचेपर्यंत चहाची वेळ टळून गेली.

मुळात मला रायफल नको होती, रजा हवी होती. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. राज्यात पाच लाखांहून जास्त माणसं परवाने काढतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण हे १९५७ पासून या राज्याचं मानाचं वन्यजीव आहे. वर्षभर मान देऊन झाला की नोव्हेंबरात गोळी घालतात. त्या नऊ दिवसांत ऑफिस ओस पडतं आणि आख्ख्या कंपनीचे सर्व्हर आम्ही देशी मंडळी सांभाळतो. दिवाळीला रजा मागितली, तर साहेब विचारतो, "ती नक्की कधी असते? मागच्या वर्षी वेगळी तारीख होती ना?" हरणासाठी रजा मागणाऱ्याला तो स्वतःचा चाकू वापरायला देतो. तेव्हा मी ठरवलं, आपणही शिकारी व्हायचं.

आईला फोनवर सांगितलं. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "अरे, त्या सिनेमावाल्याचं काय झालं बघितलंस ना? १९९८ सालचं काळवीट, आणि तारखांवर तारखा!" मी समजावलं की इथे हरणं पंधरा लाखांच्या वर आहेत, गाड्यांना धडकतात, शेतं खातात, म्हणून सरकार स्वतःच माणशी परवाना देतं.

"मग सरकारच मारू दे की. तुला कशाला मध्ये घेतात?"

तेवढ्यात काकांनी फोन हिसकावला. काका कॉलेजात एनसीसीत होते आणि त्या भांडवलावर गेली कित्येक वर्षं संरक्षण खात्याला सल्ले देत आहेत. "थ्री-नॉट-थ्री घे," ते म्हणाले, "डोळे झाकून." डोळे झाकून घेण्याची वस्तू ही नव्हे, असं मी म्हणणार होतो, पण काकांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

आमच्या घराण्याचा बंदुकीशी संबंध अगदीच नाही असं नाही. कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिच्या बोअरबद्दल, म्हणजे नळीच्या मापाबद्दल, कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. दारू ठासायची, छर्रे ठासायचे, रवळनाथाचं नाव घ्यायचं आणि आवाज काढायचा. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असा क्रम एवढा अखंड होता की बंदूक घरापेक्षा ठाण्यातच जास्त राहिली. रानडुकरांना आचारसंहितेच्या तारखा पाठ झाल्या असाव्यात, असा आजोबांना संशय होता. देशात ज्यांना रायफलच हवी असे, त्यांच्यासाठी सरकारी कारखान्याची पॉइंट थ्री-वन-फाइव्ह असे. सैन्याच्या मापाची काडतुसं सामान्य माणसाला वर्ज्य, त्यामुळे हे खास नागरी माप. घ्यायची तर ती घ्या, नाहीतर घरी बसा. आता मला वाटतं, त्या व्यवस्थेत एक प्रकारची दया होती.

इथे दया नाही. इथे आकडे आहेत, आणि आकड्यांना नियम नाही. थ्री-ओ-एटमधला आकडा गोळीचा व्यास सांगतो, इंचाच्या हजाराव्या भागात. चला, समजलं. मग थर्टी-ऑट-सिक्समधला 'सहा' काय? तर ते साल. १९०६ मध्ये अमेरिकन सैन्याने ते काडतूस घेतलं. गोळीचा व्यास मात्र थ्री-ओ-एटचाच. बरं, मग थर्टी-थर्टीमधला दुसरा 'तीस' म्हणजे १९३० साल का? नाही, ते बारुदाचं वजन, ग्रेनमध्ये. टू-सेव्हंटीची गोळी मोजली तर दोनशे सत्त्याहत्तर भरते. साडेसहा मिलिमीटरची म्हणून विकतात ती प्रत्यक्षात पावणेसात मिलिमीटरच्या जवळ जाते. शाळेत मला गणितात चांगले मार्क होते. हे वाचल्यावर ते परत करावेसे वाटले.

त्यात यातली बरीचशी एकाच कुळातली. थर्टी-ऑट-सिक्सचं नरडं जरा आवळलं की १९२५ सालची टू-सेव्हंटी. थ्री-ओ-एट आली १९५२ मध्ये. तिचं तोंड आवळून १९५५ मध्ये टू-फॉर्टी-थ्री काढली आणि १९८० मध्ये सेव्हन-एमएम-ओ-एट. म्हणजे पेट्रोल पंपावर जे भांडण मी लावून आलो होतो ती निव्वळ भाऊबंदकी होती. जमिनीचा तुकडासुद्धा वादात नव्हता.

शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, उन्हाळाभर गवत कापतात आणि हिवाळाभर बर्फ ढकलतात. बोलायची संधी मिळाली की दोन्ही थांबवतात. "थर्टी-ऑट-सिक्स," ते म्हणाले. "ती हरीण पाडते, एल्क पाडते, अस्वलही पाडते."

"मला फक्त हरीण पाडायचंय."

"आज. उद्याचं कुणी सांगितलंय?"

ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्याला विचारलं. तो सिक्स-फाइव्ह क्रीडमूर पंथाचा. हे काडतूस २००७ चं, लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काढलेलं, आणि पंथ नवा असल्यामुळे अनुयायी जास्त कडवे. त्याने मोबाइलवर आलेख उघडून हजार यार्डांवर गोळी किती खाली येते, वाऱ्याने किती सरकते, हे दाखवलं. मी म्हणालो, आपल्या रानात साठ यार्डांच्या पुढे झाडांखेरीज काही दिसत नाही. तो म्हणाला, "पण दिसलं, तर?" बाकीचे लोक त्याच्या काडतुसाला हसतात, केसांचा अंबाडा बांधणाऱ्यांचं म्हणतात. त्याने खरंच अंबाडा बांधला होता, म्हणून मी विषय वाढवला नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की हरणाबद्दल कुणीच बोलत नाहीये. प्रत्येकजण वडिलांबद्दल बोलत होता. वडिलांनी वयाच्या बाराव्या वर्षी हातात दिली ती सर्वोत्तम. ज्याला वडिलांचं ऐकायचं नव्हतं त्याने सिक्स-फाइव्ह घेतली. माझ्या वडिलांनी बाराव्या वर्षी माझ्या हातात लॉगॅरिदमचं पुस्तक दिलं होतं. त्याला कुठलंच काडतूस बसत नव्हतं.

शेवटी मी सांगलीवाल्याकडे गेलो. आमच्या मराठी मंडळात कुणालाही काहीही विकत घ्यायचं असलं की सांगलीवाल्याकडे जातात. हा पक्का शाकाहारी माणूस. केकात अंडं नाही याची खात्री झाल्याशिवाय वाढदिवसाचं गाणंही म्हणत नाही. पण तुलना म्हटली की त्याचे डोळे लकाकतात. स्वतःच्या घरचा मिक्सर त्याने इतका काळ अभ्यास करून घेतला की त्या अवधीत ते मॉडेल बंद पडलं. "बजेट सांग," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी एक्सेलचं कोष्टक आलं. रायफलचं वजन, नळीची लांबी, खांद्याला बसणारा दणका, वीस काडतुसांच्या खोक्याची किंमत, आणि सगळ्यात उजवीकडे ठळक अक्षरांत रीसेल व्हॅल्यू.

"मायलेजचा कॉलम नाही टाकलास?" मी विचारलं.

"एका खोक्यात किती हरणं, असं?" तो गंभीरपणे म्हणाला. "टाकतो."

या कोष्टकातून एक वाईट बातमी बाहेर आली. स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफली आता वाईट मिळत नाहीत. पूर्वी स्वस्त म्हणजे टाकाऊ, असा सोपा हिशेब होता. मग सॅव्हेजने १९५८ मध्ये नळी पक्की करायला एक साधा नट वापरला आणि कारागिराचं हातकाम वाचलं. आता सॅव्हेजची ॲक्सिस आहे, २०१२ पासून रुगरची अमेरिकन आहे, २०१५ पासून मॉसबर्गची पेट्रियट आहे. सगळ्या पाचशे डॉलरच्या अलीकडे-पलीकडे. बोल्ट उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा, ही कवायत सगळ्यांत तीच. पॉल माउझर नावाच्या जर्मन माणसाने १८९८ मध्ये जे पक्कं केलं त्यात फारसं कुणी ढवळाढवळ केलेली नाही. दस्ता प्लॅस्टिकचा, दिसायला दरिद्री, पण शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंच-दीड इंचात बसवतात. माणूस तेवढा बसवत नाही, पण तो कॉलम सांगलीवाल्याने टाकला नव्हता. आता या रायफलींत फरक एवढा थोडा, की निवडायला काही आधारच उरला नाही. मोठा फरक असता तर आमचं एका संध्याकाळीत आटपलं असतं.

दरम्यान एक कायदा आडवा आला. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय परवाना मिळत नाही. माझा जन्म थोडक्यात हुकला. वर्गात गेलो तर सगळी मुलं बारा वर्षांच्या आसपासची. त्यांनी मला शिक्षक समजून शांतता पाळली. पहिला नियम, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. दुसरा, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. तिसरा, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री. चौथा, घोडा दाबायची वेळ येईपर्यंत बोट त्याच्या कड्याबाहेर. शेजाऱ्यांची नात माझ्या बाकावर होती. परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. "तुमचं चुकलं कुठे?" तिने आपुलकीने विचारलं. हा प्रश्न मला लॉगॅरिदमच्या काळापासून ओळखीचा होता.

शेजारी मला चाचणीच्या मैदानावर घेऊन गेले आणि स्वतःची थर्टी-ऑट-सिक्स हातात दिली. "दुर्बिणीपासून डोळा लांब ठेव," ते म्हणाले. पण मला चष्मा आहे, आणि लांबून मला दुर्बीणसुद्धा नीट दिसत नव्हती. मी जवळ गेलो. घोडा दाबला. कागदाला काही झालं नाही. माझ्या भुवईवर मात्र दुर्बिणीच्या कडेने एक सुबक चंद्रकोर कोरली. शेजारी खूश झाले. म्हणाले, ही खूण असल्याशिवाय थर्टी-ऑट-सिक्सवाला होता येत नाही. त्यांच्या स्वतःच्या भुवईवर दोन होत्या.

त्याच आठवड्यात मंडळाचा दिवाळी फराळ होता. भुवईवर पट्टी लावून चकली खाणाऱ्या माणसाला एकांत मिळत नाही.

"हे काय हो?"

"शिकारीच्या नादात."

"अरे बापरे! अस्वल?"

"दुर्बीण."

यानंतर मला कुणी अनारसा आग्रहाने वाढला नाही.

दुकानात गेलो तेव्हा बरोबर कोष्टक होतं, सांगलीवाला होता, आणि "निदान रंग तरी बघते" म्हणून बायको होती. विक्रेत्याने काचेच्या कपाटावर एकामागून एक रायफली मांडायला सुरुवात केली. साडीच्या दुकानात गादीवर बसल्यासारखं झालं. "यात जरा हलक्यातली दाखवा", "हीच, पण काठ वेगळा" असं आमच्या तोंडून आपोआप निघायला लागलं. वाद थ्री-ओ-एटवर येऊन थांबला होता. काडतूस कुठेही मिळतं, दणका बेताचा, रीसेल उत्तम. मी पहिली रायफल उचलून खांद्याला लावली. विक्रेता बघत राहिला.

"तुम्ही डावखुरे आहात?"

हा कॉलम कोष्टकात नव्हता. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला म्हणून मी भरपूर फटके खाल्ले आहेत. आजीच्या प्रयत्नाने जेवण उजव्या हाताला आलं, पण बाकीचा मी डावाच राहिलो. बोल्टची मूठ उजवीकडे असली की डावखुऱ्याला प्रत्येक गोळीनंतर हात बंदुकीवरून पलीकडे न्यावा लागतो. डाव्या मुठीच्या रायफली निघतात, पण थोड्या, आणि स्वस्तातल्या तर त्याहून थोड्या. विक्रेता आत गेला, बराच वेळ आला नाही, आणि मग एक धुळकट खोकं घेऊन आला. डाव्या मुठीची एकुलती एक. टू-फॉर्टी-थ्री.

महिनोन्‌महिने चाललेला वाद तिथे संपला. पेट्रोल पंप, काका, शेजारी, अंबाडेवाला, कुणाचाच उमेदवार निवडून आला नाही.

"चांगली आहे ना?" मी विचारलं.

"उत्तम! दणका कमी, नेम सरळ," विक्रेता मनापासून म्हणाला. "लहान मुलांना आम्ही हीच देतो."

सांगलीवाल्याने आवंढा गिळला. बायको म्हणाली, "रंग बरा आहे."

मग सरकारी फॉर्म आला. मधलं नाव पूर्ण लिहा, असं होतं; मी वडिलांचं नाव लिहिलं, आणि ते चौकटीबाहेर गेलं. पुढे एक प्रश्न होता: तुम्ही कायद्यापासून फरारी आहात का? पुण्याच्या फ्लॅटचा सोसायटी मेंटेनन्स थकला होता, तो यात धरतात का, असं विचारणार होतो. बायकोने पायावर पाय दिला. मी 'नाही' लिहिलं. विक्रेत्याने माहिती तपासणीसाठी वर पाठवली आणि आम्ही दुर्बिणी बघत होतो तोवर 'पुढे चला' असं उत्तर आलंसुद्धा. घरच्या गॅस कनेक्शनचं नाव बदलून घ्यायला याहून जास्त वेळ लागला होता. खरं सांगतो, थोडी भीतीच वाटली.

रायफल स्वस्त मिळाली, त्या आनंदात आम्ही बाकीची खरेदी केली. दुर्बीण, तिची कडी, कानटोप, बूट, हात गरम ठेवायच्या पुड्या, चाकू, हरीण ओढायचा दोर, बसायचं स्टूल. जाकीट भडक नारिंगी. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतं, आणि सांगलीवाल्याने त्यावर सवलत आहे हे दोनदा सांगून पाहिलं. हरणाला नारिंगी रंग धड दिसत नाही, निळा मात्र लख्ख दिसतो, म्हणून कपड्याला चमक आणणारी पावडर वर्ज्य. वासाला तर हरीण फारच तिखट, म्हणून बिनवासाचा वेगळा साबण. बिल झालं तेव्हा रायफल त्यातली किरकोळ वस्तू ठरली होती. सांगलीवाल्याने घासाघीस करून तिच्यावर सोडवलेले चाळीस डॉलर आम्ही बराच वेळ अभिमानाने आठवत राहिलो.

जाकीट मी त्या साबणात धुऊन गॅरेजमध्ये बंद डब्यात ठेवलं. हंगामाच्या आदल्या रात्री ते स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं सापडलं. "गारठलं असतं तिथे," बायको म्हणाली. ती फोडणी देत होती. हिंग नुकताच पडला होता.

शनिवारी सूर्योदयाच्या आधी शेजाऱ्यांच्या भावाच्या रानात पोचलो. मला एका कापडी आडोशात एकट्याला बसवलं. आजूबाजूला बर्फ आणि ओकची झाडं होती, आणि दूरदूर बार ऐकू येत होते. माझ्या बाजूला चिटपाखरू नाही. पायाची बोटं आहेत की नाहीत हे कळेना, तेव्हा डबा उघडला. बायकोने भाकरी आणि लसणाची चटणी दिली होती. चटणी झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं, अंगात ऊब आली. हरीण आलं नाही.

दुपारी सगळे केबिनमध्ये जमले. शेजाऱ्यांना थर्टी-ऑट-सिक्सने एक मिळालं होतं. त्यांच्या पुतण्याला सिक्स-फाइव्हने मिळालं होतं, चाळीस यार्डांवरून. बारा वर्षांच्या नातीने शिंगांना आठ टोकं असलेला नर पाडला होता, आणि त्या नराशेजारी ती भिंतीला लावून ठेवत होती ती टू-फॉर्टी-थ्री. मी घाईघाईने ते सगळ्यांच्या निदर्शनास आणलं.

"तिची गोष्ट वेगळी," शेजारी म्हणाले. "लहान आहे. तिच्या मापाची आहे. तुला मोठा बोअर हवा."

"पण माझ्याकडे हरीण आलंच नाही. बोअरचा संबंध येतो कुठे?"

"आज नाही आलं," पुतण्या म्हणाला. "आलं असतं, तर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उरलेली भाकरी आणि चटणी टेबलावर ठेवली. शेजाऱ्यांनी बोटाने चाखली, थबकले, आणि पुन्हा बोट बुडवलं. "याचा वास फार जबरदस्त आहे," ते म्हणाले, "पण तू मला सांग, काडतूस किती ग्रेनचं भरलं होतंस?" त्यावर जी चर्चा सुरू झाली ती काळोख पडेपर्यंत चालली, आणि चटणी संपली.

रात्री सांगलीवाल्याचा निरोप आला. ला क्रॉसच्या एका दुकानात डाव्या मुठीची थ्री-ओ-एट आली आहे, चाळीस डॉलर सूट आहे, शीट अपडेट केलंय.

मी लिहिलं, "टू-फॉर्टी-थ्रीला रीसेल किती येईल?"

"वापरलेली की न वापरलेली?" त्याने विचारलं.